तुळसाच्या कपाळावरचा सूर्य

"जाव नको म्हणतंय मी. सूर्याक डाग पडलो हा."

"डाग तुझ्या डोळ्यांत पडलो हा. धुवन ये जा."

"तुमी बगा तरी एकदा!"

"बगलंय. माका तर भाकरी दिसली. एका बाजून करपलेली. तुझ्या हातची आसतली."

हे भांडण मी चोरून ऐकलं असं म्हणू नका. दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे मी भांडी घासत होते, आणि कान काही राख लावून बंद करता येत नाहीत. सत्तावन्न साल, पितृपक्ष संपायला दोन दिवस उरलेले, आणि मला लग्न होऊन आले चारच महिने झालेले. शेजारच्या घरात जयराम आणि त्याची बायको तुळसा. जयराम गलबतावर खलाशी होता. कौलं आणि काथ्या भरून गलबत दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईच्या खेपेला निघणार होतं, आणि तुळसाला ते नको होतं.

"पितृपक्षात कोण खेप करता? त्यात ह्यो डाग."

"तांडेल करता. माका विचारून करणा नाय." मग जयराम हसला. त्याचं हसणं मोठं होतं, आमच्या कोंबड्या दचकायच्या. "आयक गो. ह्यो तुझो डाग आज आसा, उद्या जातलो. परत येयत तेवा मी पण इलंय म्हणान समज. भाकरतुकडो घेवन बंदरार उभी रव. झाला आता?"

मी भांडी टाकून गडग्यावरून मान वर केली. सूर्य समुद्रावर टेकायला आला होता. आभाळ धुरकट, त्यामुळे त्याच्याकडे बघता येत होतं. तांबड्या ताटात मोहरीचा दाणा पडावा तसा एक काळा ठिपका त्यावर होता. मी पाहिला. खोटं कशाला बोलू.

गावाचं नाव मी सांगत नाही. मालवणपासून फार लांब नाही, एवढं पुरे. सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील, कारण तुळसा सवाष्ण गेली की रांडाव, यावर त्यांच्यात अजून एकमत नाही. मी कोणत्या बाजूची आहे ते शेवटी कळेलच.

गलबत गेलं, आणि आठव्या दिवशी वारा फिरला. मुंबईला ते पोचलं नाही. कुठल्याच बंदरात गेलं नाही. त्याचं एक फळकूटसुद्धा कुठल्या काठाला लागलं नाही. त्यावरच्या सातही जणांच्या घरांत रडारड झाली. तुळसाच्या घरात फक्त तिची सासू रडली, मथुराकाकी. तुळसा रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन सूर्य बुडेपर्यंत उभी राहायची. ठिपका दिवसादिवसाने सरकत कडेला गेला आणि नाहीसा झाला. ती बोटांच्या पेरांवर दिवस मोजत राहिली. सत्ताविसाव्या दिवशी ठिपका होता तिथे परत आला.

आमच्याकडे माणूस लांबून आला की त्याला तसाच घरात घेत नाहीत. दारात उभं करायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून दोन्हीकडे टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, आणि मग आत. वाटेत काही मागे लागून आलं असेल तर ते भाकरीचा तुकडा घेऊन बाहेरच राहतं. तुळसा त्या दिवशी तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन बंदरावर गेली. काळोख पडायच्या सुमाराला आली तेव्हा तांब्या रिकामा होता.

"काय गो वयनी?" मी विचारलं.

"दोगांतलो एक इलो," ती म्हणाली.

ते तिने बाजारभाव सांगावा इतकं सरळ सांगितलं.

मग ती शाळेत गेली. शिकायला नव्हे, विचारायला. शाळेत गुरुदास मास्तर होते, मसुऱ्याचे. त्यांचं वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा यायचं, पण ते जाहिरातीसकट वाचायचे. त्यांनी आधी तिला झाडली.

"बाई, पुन्हा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघितलंत तर शाळेची पायरी चढू देणार नाही! आंधळ्या व्हाल. मावळतीचा असला म्हणून काय झालं?"

"मगे बगू कसा?"

तिथे मास्तर सापडले. त्या वर्षी जगभरचे शास्त्रज्ञ सूर्यावर नजर ठेवून बसलेत असं ते मुलांना सांगत होते, आणि सगळ्या गावात ते ऐकून घेणारं हे पहिलंच मोठं माणूस. त्यांनी आपल्या जुन्या चष्म्याची एक काच दिली. तुळसाने माळ्याच्या बंद खिडकीला भोक पाडून ती काच कुंकवाच्या मेणाने बसवली. चारच्या सुमाराला ऊन खिडकीवर आलं की माळ्यावरच्या काळोखात, चार हात लांब धरलेल्या कागदावर सूर्य उतरायचा. चार आण्याच्या नाण्याएवढा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो जाळ्यातल्या माशासारखा थरथरत होता, आणि अंगावर ठिपके होते. एक मोठा, तीन बारीक.

मास्तरांनी समजावलं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तो डागांना घेऊन. एक फेरा साधारण सत्तावीस दिवसांचा. डाग म्हणजे घाण नव्हे, तिथला उजेड भोवतालपेक्षा कमी, म्हणून तो काळा दिसतो. काही डाग आठवड्यात विरतात, काही दोन-तीन फेरे टिकतात. आणि हे डाग वाढत जातात, मग कमी होत होत सूर्य कोरा होतो, मग परत वाढतात. त्या सगळ्याला अकरा वर्षं लागतात, कमीजास्त.

"म्हणजे बाई, पुढच्या महिन्यात दिसेल तो हाच डाग असेल असं नाही."

"डाग तोच नसात, मास्तर. सूर्य तोच मां?"

मास्तरांनी चष्मा पुसला.

तिने आपला नेम ठरवला. दर सत्ताविसाव्या दिवशी माळ्यावर जायचं. सूर्यावर एक जरी डाग असला तरी तांब्या आणि भाकरी घेऊन बंदर. सूर्य कोरा असला तर घरी. पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही, तेव्हा मी विचारलं, आता काय करणार? ती म्हणाली, "जातलंय. दिसणा नाय म्हणान नाय असा थोडाच?" आणि ती इरलं घेऊन गेली.

कपाळाचं कधी सुरू झालं ते मला नक्की आठवत नाही. बहुतेक त्याच दिवाळीनंतर. ती मेण लावून त्यावर चार आण्याएवढं गोल कुंकू लावायची, आधीपासूनच. आता रोज माळ्यावरून खाली आली की आरशासमोर बसायची, आणि काजळात काडी बुडवून, कागदावर जिथे जेवढे डाग दिसले तिथे तेवढे ठिपके कुंकवात घालायची. कागद ठेवायला घरात जागा कुठे? पाऊस, उंदीर, सासू. कपाळ काय, कायम बरोबर.

पण बघणाऱ्याचं काय व्हायचं ते बघणाऱ्यालाच ठाऊक. समोरून बाई येते आहे, तिच्या कपाळावर तांबडा सूर्य, आणि त्यावरचे डाग कालच्यापेक्षा बोटभर नव्हे, पण केसभर पुढे सरकलेले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका तिच्यासमोर करंडा घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या. ठिपक्यांवर कुंकू लावावं तरी पंचाईत, न लावावं तरी पंचाईत. माझ्या सासूने एकदा धीर करून विचारलं, "ह्या काय गो तुळसा?"

"तीट. सूर्याच्या आवशीन त्याका लावल्यान, दिष्ट लागा नये म्हणान."

सासू घरी येऊन म्हणाली, "उत्तर बरा दिल्यान. पण मी कुंकू लावल्याशिवायच इलंय."

अठ्ठावन्न सालची गोष्ट. पंचायतीचा रेडिओ शाळेच्या ओसरीवर ठेवलेला असायचा. दुपार चढत होती, रविवार होता, सिलोनची गाणी लागली होती आणि अर्धी वाडी ओसरीवर पसरली होती. मी आणि तुळसा आमसुलं वाळत घालून तिथे टेकलो. तिच्या कपाळावर आदल्या दिवशीचा एकच ठिपका होता, मोठा, बरोबर मधोमध. आणि गाणं थांबलं. बिघडलेला रेडिओ खरखरतो तरी. इथे खरखरसुद्धा गेली. कोणीतरी वरून ओलं गोणपाट टाकावं तशी. वर ऊन, पान हलत नाही, आणि डब्यात काहीच नाही. बाबली न्हाव्याने डब्याला दोन थपडा मारल्या.

"मारू नको रे," तुळसा म्हणाली. "बिगाडलो नाय तो. गप रवा. वरसून कोण तरी आयकता."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे तिच्या कपाळाकडे. अर्धा तास आम्ही तीस-चाळीस माणसं आवाज न करता बसलो होतो; बाबलीसुद्धा, ज्याला लग्नाच्या मंगलाष्टकांत गप्प बसता आलं नव्हतं. मग हळूहळू खरखर आली, आणि तिच्यातून दुसरंच गाणं वर आलं.

मास्तरांनी नंतर सांगितलं की अशा डागांपाशी कधीकधी मोठा भडका उडतो, आणि इथल्या आभाळात उंचावर रेडिओचा आवाज वाहून आणणारा जो थर असतो तो बिघडतो. घाबरायचं कारण नाही. कारण कळलं की भीती कमी होते म्हणतात. आमची वाढली. तोवर तुळसा वेडी आहे असं तरी म्हणता येत होतं.

त्यानंतर खलाशी होडी लोटायच्या आधी काहीतरी निमित्त काढून तिच्या अंगणात यायचे. तंबाखूला चुना माग, विस्तव माग. तिच्या कपाळाकडे एक नजर टाकून जायचे. ठिपके जास्त दिसले की दोघा-तिघांच्या पोटात हमखास दुखायचं. समुद्र त्या दिवशी हटकून शांत असायचा, पण ते कोण लक्षात ठेवतो?

घरात मात्र दुसरंच चाललं होतं. मथुराकाकी वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत सासू आली की लोक आधीच ठरवून टाकतात. तिला आपला झील जयराम मेला हे ठाऊक होतं. कसं, तर तो रोज येत होता.

"दिवे लागले काय येता," ती माझ्याजवळ बोलायची. "दारात भिजान उभो रवता. आंगावरचा पाणी झाडता, ता माका आयकाक येता. जित्याक दार आसा, मेल्याक वाट आसा. माझ्या झिलाक काय आसा गो?"

एकदा तिने मला तिन्हीसांजेला त्यांच्या पडवीत बसवून घेतलं. मी बसले. पाऊस नव्हता. ओलं कापड झटकल्यासारखा आवाज आला, दोनदा. माडाची झावळं असतील. मी उठून बघायला गेले नाही.

हरवलेल्या माणसाची वाट बारा वर्षं बघायची, एक तप. ती झाली की तो मेला असं धरायचं. पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. मग त्याला वाट मिळते, आणि त्याच्या बायकोचं कुंकू पुसतात. मथुराकाकी बारा वर्षं संपायची वाट बघत होती, आणि तुळसा डागांची अकरा वर्षं संपायची. एका चुलीवर दोघी स्वयंपाक करत होत्या. आमच्यासारख्यांना वाटायचं की अकरा आधी येतात, तेव्हा तुळसाच जिंकणार. वेडेपणा सगळा. पण गावाने मनातल्या मनात पैज लावली होती.

साठ सालानंतर ठिपके कमी होत गेले. चौसष्टात तर तिचं कुंकू कोरं करकरीत. आता तरी बायकांना बरं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. त्या कपाळाकडे बघितलं की घर सोडून माणसं गेल्यासारखं वाटायचं. सत्ताविसावा दिवस यायचा, ती माळ्यावर जायची, खाली यायची आणि तांब्या पालथा घालायची. धाकटा दीर दत्ताराम मुंबईहून आला होता, तो बोलला, "वयनी, आता सूर्यानच सांगल्यान. आटपूया?"

"बारा झाली?"

"सात झाली."

"मगे मोजूक शीक."

एक गोष्ट मी तिच्या बाजूने सांगते. त्या कोऱ्या दिवसांत एक खोटा ठिपका घालणं तिला किती सोपं होतं! काजळ घरातलं, काडी घरातली, माळ्यावर दुसरं कोण चढत होतं? तिने कधी घातला नाही.

पुढे ठिपके परत आले. सहासष्टात एखाददुसरा, अडुसष्टात गर्दी. मास्तर बदली होऊन गेले होते, पण त्यांचा हिशेब बरोबर निघाला. अकरावं वर्ष भरलं. तुळसाने घर सारवलं, जयरामचे दोन सदरे धुऊन वाळवले, आणि फेरे चालू झाले. सूर्य डाग घेऊन यायचा. दोघांतला एकच यायचा. गाव तिच्या पाठीमागून बघायचं आणि ती परत येताना दारं लावून घ्यायचं. कोणी हसलं नाही. हसावं असं ते नव्हतंच.

मग एकोणसत्तर. बारा पुरी झाली. दत्तारामने सर्वपित्री अमावास्येचा दिवस ठरवला, भटाला सांगितलं. तुळसा नाही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "आदल्या दिसा माझो फेरो आसा. तो करू मां?" मथुराकाकी म्हणाली, "कर."

अमावास्येच्या पहाटे मथुराकाकीने मला हाक मारली. तुळसा झोपेतच गेली होती. सदतीस वर्षांची. मालवणहून डॉक्टर आले, म्हणाले हृदय बंद पडलं. शेवटी सगळ्यांचं तेच बंद पडतं.

पडवीत पानांचा पुतळा तयार होता, आत ती होती. आणि अंगणात वाद. भट म्हणाला, आधी पुतळ्याला अग्नी दिला तर ही विधवा, हिला कुंकू नाही. आधी हिला दिला तर ही सवाष्ण, हिरवा चुडा भरा. कोणी म्हणे विधी आधी ठरलाय, कोणी म्हणे मरण आधी आलंय. दत्ताराम दोन्हीकडे मान हलवत होता. मथुराकाकी हे ऐकत उंबऱ्यात उभी होती. मग ती आत वळली, तुळसाच्या कपाळावर तिने मेण लावलं, चार आण्याएवढं कुंकू भरलं. काजळाची डबी उघडली आणि मला विचारलं, "काल किती होते गो, आनंदी?"

"चार," मी म्हटलं. "एक मोठो, तीन बारीक. उजव्या कडेक."

तिने ते घातले. बाहेर येऊन म्हणाली, "बारा वर्सां ह्या दोगांनी वाट बगल्यानी. आता पयलो कोण जाता ता तुमी ठरवू नकात. दत्ताराम, दोगांक एकदमच लाव."

समुद्राकाठी दोन चिता रचल्या आणि दत्तारामने दोन हातांत झावळांच्या दोन पेटत्या चुडी धरून एकदम लावल्या. धूर एकच झाला. त्या दिवसापासून मथुराकाकीला दारातला आवाज आला नाही. मला तरी ती तसं म्हणाली.

राहिला तो आदला दिवस.

चार वाजता तुळसाने मला माळ्यावर बोलावलं. सूर्य कागदावर उतरला, आम्ही दोघींनी ठिपके मोजले. ती खाली येऊन आरशासमोर बसली. मग विहिरीवरून तांब्या भरला, तांदळाच्या भाकरीचा तुकडा केळीच्या पानात घेतला. पडवीत मथुराकाकी पळसाची पानं मोजत होती. दोनशेच्या पुढे गेली होती.

"आये, जावन येतंय."

"काळोख करू नको," मथुराकाकी पानांवरून मान वर न करता म्हणाली. बारा वर्षं ती हेच म्हणत होती.

मी बरोबर गेले, नेहमी जायचे तशी मागून. तुळसा पायवाटेच्या डाव्या कडेने चालायची, उजवी बाजू मोकळी ठेवून. एकदा मी त्या बाजूने चालायला गेले तर म्हणाली, "आनंदी, वाट काय आपल्या दोगींचीच आसा?" त्यानंतर मी मागूनच चालायचे.

बंदरावर तीन होड्या ओढून ठेवलेल्या. ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, पण सूर्याकडे बघितलं नाही, मास्तरांना दिलेला शब्द होता. सूर्य बुडाला. कोणी आलं नाही. तिने तांब्यातलं पाणी उंडीच्या झाडाच्या मुळात ओतलं, भाकरीचे दोन तुकडे करून एक मला दिला, एक स्वतः खाल्ला. अन्न टाकायचं नाही. मग बोटांची पेरं मोजली.

"पुढचो फेरो दिवाळेच्या तोंडार येता. तेवा नव्या भाताचे फोव करूया. त्यांका गोडे आवडतत."

"करूया," मी म्हटलं.

परतताना ती डाव्या कडेने, मी मागून. ओढ्यावरच्या साकवावर एका वेळी एकच माणूस जातं. तिथे ती नेहमीसारखी थांबली, समोरून किंवा बाजूने कोणीतरी आधी जाऊ द्यावं तशी, आणि मग पलीकडे गेली. दारात आल्यावर उंबऱ्याच्या बाजूला सरकली. एखाद्या माणसाला पायांवर पाणी घेऊन, पाय पुसून आत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ उभी राहिली. मग आत गेली आणि दार ओढून घेतलं.